ओलं वॉर्निश

"दार लावू नकोस," आई म्हणाली. "उघडंच राहू दे."

माझा हात कडीवरच थांबला. मिरजेच्या त्या खोलीत राहायला येऊन आम्हाला दोन पावसाळे आणि दोन हिवाळे झाले होते. तेवढ्या काळात आमचं दार भरदिवसासुद्धा कधी उघडं राहिलं नव्हतं. दूधवाला आला तरी आई आधी आतून विचारायची, कोण आहे म्हणून.

"सगळं उघडं?"

"भिंतीला टेकव. मधे वीट लाव."

मी वीट लावली. बोळातला उजेड थेट आत आला आणि खोली एकदम लहान वाटायला लागली.

खोलीच्या मधोमध आमचं कपाट आडवं पडलं होतं. शिवणकामाच्या कमाईतून आईनं घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. लांबून बघणाऱ्याला सागवानी वाटावं असं, वर चकचकीत तपकिरी लॅमिनेट. आतून मात्र भुसा दाबून केलेला बोर्ड. कपाट जिथं उभं होतं त्या भिंतीपलीकडं घरमालकीण मुलाणी चाचींची न्हाणी होती. भिंत बारमाही ओली. ती ओल कपाटानं खालून प्यायली आणि त्याचा तळ चहात पडलेल्या टोस्टसारखा फुगला. कडेची पट्टी सुटली, बोर्डाचा रंग पाण्यात उतरला, आणि गुरुवारी एका गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या शालूवर खालच्या कप्प्यात भला मोठा तपकिरी डाग पडला.

शालू नवरीचा होता. फॉल-पिकोसाठी आलेला. नवरीची आई आणि मावशी आमच्या दारात उभ्या राहून अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशा बोलत होत्या. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईच्या हातात शुभकार्याचं वस्त्र दिलं हीच चूक झाली, असंही मावशी म्हणाली. त्या गेल्यावर आईनं मशीनवर कव्हर घातलं, आणि शुक्रवार-शनिवार ते काढलंच नाही.

रविवारी सकाळी मी उठले तर ती कपाटापुढं जमिनीवर बसली होती. फुगलेल्या कडेवरून बोट फिरवत होती. बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "सारिका, हार्डवेअरच्या दुकानात जा. वॉर्निश आण. थिनर, ब्रश आणि पॉलिश पेपर पण. भुशाच्या बोर्डाला पाणी लागू नये म्हणून काय करायचं, ते नीट विचारून ये."

मला बरं वाटलं. तिनं दोन दिवसांत काढलेलं ते पहिलं लांबलचक वाक्य होतं.

दुकानदारानं सांगितलं तसं आम्ही केलं. डाग पडला तेव्हापासूनच कपाट भिंतीपासून ओढून ठेवलं होतं, त्यामुळं तळ बऱ्यापैकी सुकला होता. फुगून सैल झालेला भुसा खरवडून काढला. चकचकीत लॅमिनेटवर वॉर्निश धरत नाही, म्हणून तेही पेपरनं घासून मंद केलं. पहिला हात थिनर घालून पातळ द्यायचा, तो बोर्डाच्या आत जिरतो. तो वाळला की दुसरा हात जाड. कापलेल्या कडा आणि तळ यांना पोटभर पाजायचं. आणि दुकानदारानं दोनदा बजावलं होतं, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ विस्तव नको. म्हणून स्टो आम्ही चाचींच्या ओट्यावर नेऊन ठेवला होता.

जेवणं झाल्यावर दुसरा हात सुरू केला. थिनरच्या वासानं डोकं जड झालं होतं. जर्मनच्या वाटीत थिनर, शेजारी वॉर्निशचा उघडा डबा. कपाट आडवं पडल्यामुळं खोलीचे दोन भाग झाले होते. दाराकडचा एक आणि आतला एक. आम्ही दोघी आतल्या बाजूला. भिंत आणि कपाट यांच्यामधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट.

बोळाच्या तोंडाशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही. त्या बोळात सामान चढणं-उतरणं नेहमीचंच होतं.

मग उजेड कमी झाला.

अण्णा दारात उभे होते. माझे वडील. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, दाढी केलेली. तासगावात त्यांचं टायरचं दुकान होतं, आणि घरी असताना मी त्यांना इतकं स्वच्छ क्वचितच पाहिलं होतं.

मी आईकडं पाहिलं. तिचा डावा कान दाराकडं होता. त्या कानानं तिला ऐकू येत नसे. अण्णांनी एकदा जेवताना मारलेल्या थपडेनंतर तो कान कायमचा गेला होता. ती खाली मान घालून कडेवर ब्रश फिरवत होती.

"आई," मी म्हणाले.

तिनं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि सावकाश दाराकडं वळली. दचकली नाही. हे मला तेव्हाच खटकलं होतं, पण त्याचा विचार करायला वेळ नव्हता.

"बसू का?" अण्णांनी विचारलं, आणि उंबऱ्यावरच बसले. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. दोरीवरचे कपडे, मशीन, भिंतीवरचे ओलीचे फुगे. "असल्यात राहताय व्हय तुम्ही. सारे, किती वाळलीस गं."

मी हातातल्या पेपराकडं बघत राहिले.

"कपाट आडवं करून ठेवलंस ते बरं केलंस, शालन," ते आईला म्हणाले. "चढवायला सोपं. टेम्पो आणलाय. मशीन, भांडी सगळं एका खेपेत बसतंय."

"ओलं आहे ते," आई म्हणाली.

"काय?"

"वॉर्निश लावलंय. हात लावता यायचा नाही."

ते हसले. "आता कशाला वॉर्निश? आपल्या घरात काय ओल हाय?"

आईनं ब्रश डब्यात बुडवला, काठाला निपटला आणि पुन्हा कडेवरून ओढायला लागली. तिचा हात स्थिर होता. मी मात्र हातातला पेपर चुरगळून टाकला होता. तो मी मांडीखाली दडवला.

अण्णा बराच वेळ बोलत राहिले. गोड बोलत होते. दुकान नीट चाललंय, दारू सोडलीय, घर खायला उठतंय. बारावीनंतर सारीला सांगलीला कॉलेजात घालू. चार माणसं विचारतात तेव्हा मान खाली घालावी लागते. बोलता बोलता त्यांचा आवाज हळूहळू खाली येत होता. ते मुद्दाम पुटपुटल्यासारखे, आईच्या डाव्या बाजूला बोलत होते. तिनं वळून "काय?" म्हणावं, पुन्हा "काय?" म्हणावं, याची त्यांना जुनी सवय होती. त्यातून पुढं काय व्हायचं ते मला पाठ होतं.

आई वळली नाही. "मला त्या कानानं येत नाही, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "बोलायचं असेल तर मोठ्यानं बोला. बोळात ऐकू गेलं तरी चालेल."

अण्णांचा चेहरा बदलला. थोडासाच. मला मात्र तो ओळखू आला. त्यांनी खिशातून बिडीचं बंडल काढलं, एक बिडी ओठांत धरली आणि काड्यापेटी हातात घेतली.

"अण्णा, नको," मी म्हणाले. "थिनर आहे."

"असू दे की."

"पेटतं ते."

"पेटलं तर पेटलं. भुसाच हाय." त्यांनी पेटीतून काडी काढली आणि तिचं टोक पेटीच्या कडेवर ठेवलं. ओढली नाही. नुसती ठेवली. आणि आईकडं बघत बसले.

ती काडी मला अजून दिसते. वाटीतल्या थिनरपासून त्यांचा हात फार लांब नव्हता. आमच्यामागं गजांची खिडकी होती. बाहेर जायचं एकच दार, आणि त्या दारात ते बसलेले.

आईनं ब्रश बाजूला ठेवला. वाटी उचलून आपल्या मागं, खिडकीखाली सरकवली. वॉर्निशच्या डब्यावर झाकण दाबलं. हे सगळं तिनं रोजचं काम आवरावं तसं केलं.

"सारिका," ती म्हणाली, "चाचींच्या ओट्यावर जाऊन बस."

"तू?"

"मी आहे इथं. जा."

मी उठले. कपाटाला कपडा लागू नये म्हणून भिंतीला पाठ घासत त्या फटीतून दाराकडच्या बाजूला आले. अण्णांनी पाय लांब केला. उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"चाचीकडं कशाला?" ते म्हणाले. "टेम्पोत जाऊन बस. पुढच्या सीटवर. आई येतीय मागनं."

"ती येणार नाही," मी म्हणाले.

"तिलाच विचार येणार का न्हाई ते." काडी अजून पेटीवरच होती. "मला निरोप कुणी धाडला? मी काय वास काढत आलोय? शुक्रवारी जालिंदरमामानं येऊन सांगितलं, आक्का म्हणतीय रविवारी टेम्पो घेऊन या. विचार तिला. खोटं असंल तर सांग म्हणावं."

मी मागं वळले. आईनं नाही म्हणावं म्हणून मी तिच्याकडं बघत राहिले. जालिंदरमामा तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो शुक्रवारी आमच्याकडं येऊन गेला होता. मी क्लासला गेले होते तेव्हा.

"आई?"

"धाडला होता," आई म्हणाली.

त्या घरातून निघालो त्या पहाटे तिनं मला उठवलं होतं, आणि एसटी तासगावच्या बाहेर पडेपर्यंत माझा हात सोडला नव्हता. "आता नाही जायचं परत," असं तीच म्हणाली होती. त्या एका वाक्यावर मी या ओल्या खोलीत दहावीतून अकरावीत, अकरावीतून बारावीत गेले होते. आणि आता तिनं मला न विचारता टेम्पो बोलावला होता.

"ऐकलंस?" अण्णा म्हणाले. त्यांनी पाय आखडून घेतला. "जा. बस जाऊन."

वाट मोकळी झाली होती. बाहेर गेले असते तर चाचींचा ओटा उजवीकडं, टेम्पो डावीकडं. मला दोन्हीकडं जावंसं वाटलं नाही. मला आईचा राग आला होता, इतका की रडू येत होतं. पण ती त्या बाजूला एकटी होती आणि काडी या बाजूला होती. मी परत भिंतीला पाठ घासत आत गेले आणि तिच्या शेजारी बसले.

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं हात पदराला पुसले आणि उभी राहिली.

"निरोप मी धाडला होता," ती मोठ्यानं म्हणाली. "शुक्रवारी माझं मन तसं होतं. आता तसं नाही. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, तेवढी माझी चूक. आम्ही येत नाही."

"शालन, चार माणसांत सांगून आलोय मी."

"त्यांना सांगा, नाही आली."

"मस्करी करतीस माझी?"

"नाही."

अण्णा उठले. बिडी तोंडातून खाली पडली. त्यांनी काड्यापेटी मुठीत चिरडली की नुसती धरली ते मला कळलं नाही. ते कपाटाजवळ आले आणि बाहेर बघून हाक मारली, "मारुती. ये आत. उचल हे."

टेम्पोचा ड्रायव्हर बोळातच उभा असावा, कारण तो लगेच दारात आला. पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल. त्यानं खोलीत पाऊल टाकलं आणि नाक वर केलं. मग त्याची नजर अण्णांच्या मुठीकडं गेली, तिथून माझ्याकडं, तिथून आईकडं. त्यानं वाकून कपाटाच्या कडेला एक बोट लावलं आणि बोट अंगठ्यावर चोळून बघितलं.

"ओलं हाय मालक."

"असू दे. उचल."

"धरायचं कुठं? हाताला लागतंय सगळं. आणि त्या वैनी तर न्हाई म्हणत्यात."

"मी सांगतोय ना तुला."

मारुती मागं सरून उंबऱ्यापलीकडं जाऊन उभा राहिला.

तेव्हा अण्णांनी काड्यापेटी खिशात टाकली आणि दोन्ही तळहात कपाटावर दाबले. नुकत्याच दिलेल्या ओल्या वॉर्निशवर, पसरून. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेले. आमच्या डोळ्यांत बघत. वॉर्निश त्यांच्या बोटांपुढं सुरकुतलं, गोळा झालं. मग त्यांनी कपाटावरून वाकून उजवा हात वर उचलला.

तो हात मी पुष्कळ वेळा वर जाताना पाहिला होता. माझं अंग आपोआप आक्रसलं. आईचंही नेहमी आक्रसायचं. ती आधी खांदा वर करायची आणि मग तोंड फिरवायची. त्या दिवशी तिनं तोंड फिरवलं, पण उजवा कान त्यांच्याकडं करून. म्हणजे ऐकू येणारा.

"बोला," ती म्हणाली. "काय बोलायचं ते बोला. ऐकते मी."

हात वरच राहिला. चिकट झालेला, बोटं एकमेकांना धरलेली, घासलेला भुसा त्यावर चिकटलेला. बोळात चाचींचं दार उघडल्याचा आवाज झाला. समोरच्या खोलीतली कोणी बाई बाहेर येऊन उभी राहिली. मारुती तर दारातच होता. सगळं उघडं होतं. आमच्या घरात जे कायम बंद दाराआड झालं होतं, ते त्यांना इथं उघड्यावर करावं लागणार होतं.

त्यांनी हात खाली घेतला. तो कुठं पुसावा ते त्यांना कळेना. शर्टाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. शेवटी आईनंच खालचा फडका उचलून कपाटावरून पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"मालक," मारुती बाहेरून म्हणाला, "मला पाचला दुसरं भाडं हाय. यायचं तर चला."

अण्णा गेले. जाताना माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाले, पण त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला दोन्ही कानांनी कळलं नाही.

टेम्पो सुरू झाला, मागं घेतल्याचा आवाज आला, मग लांब गेला. आई खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. तिचे दात वाजत होते. चाची पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, पण तिला तो धरता येईना. मी तिला पाणी पाजलं. माझा राग गेला नव्हता. पाणी पाजतानासुद्धा मी तिच्याशी बोलले नाही.

थोड्या वेळानं तिनंच पेपर घेतला आणि कपाटावरचे ओरखडे घासायला लागली. ओल्यावर पेपर चालेना, नुसता चिकटत होता. "वाळल्यावर बघू," मी म्हणाले. त्या दिवशी मी तिच्याशी बोललेले तेवढेच शब्द. दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून ती बाजू खरवडून पुन्हा केली. सोमवारी संध्याकाळी तिनं मशीनवरचं कव्हर काढलं.

अण्णा त्यानंतर दोनदा आले. दोन्ही वेळा बोळाच्या तोंडाशीच उभे राहून परत गेले. पुढं मी बारावी झाले, नर्सिंगला गेले, नोकरीला लागले. आईनं मिरजेतच स्टेशन रोडच्या मागं भाड्यानं गाळा घेऊन शिवणकामाचं दुकान टाकलं. अण्णा गेले तेव्हा आम्ही दोघी तासगावला जाऊन आलो.

त्या रविवारविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो. तो निरोप माझ्या मनात काट्यासारखा राहिला होता. तिनं मला न विचारता परत न्यायचं ठरवलं होतं, हे मी विसरू शकत नव्हते. अण्णांना जाऊन वर्ष झाल्यावर एका दुपारी, तिच्या दुकानात चहा पिताना, मी विचारलं.

"त्या दिवशी तू त्यांना बोलावलं होतंस."

"हो."

"मग ऐनवेळी नाही का म्हणालीस? त्यांनी काडी काढली म्हणून?"

तिनं कप खाली ठेवला. "नाही गं. त्याच्या आधीच."

"कधी?"

"सकाळी. तुला वॉर्निश आणायला पाठवलं तेव्हा." तिनं मांडीवरचे दोरे झटकले. "बोचकी बांधायची म्हणून उठले होते मी. आधी कपाट रिकामं करू म्हणून त्याच्यापुढं बसले. तो फुगलेला तळ बघितला आणि मनात आलं, याला काहीतरी लावलं पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात हे राहायचं नाही. तुला सगळं सांगितलं, तू पिशवी घेऊन गेलीस. आणि तू गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. तासगावच्या घरात ओल कुठं होती? तिथं न्यायचं असतं तर वॉर्निश कशाला लागलं असतं? म्हणजे मी जाणारच नव्हते. हातानं ठरवून टाकलं होतं, मला मागाहून कळलं."

बाहेरून एक बाई ब्लाऊज घेऊन आली. आईनं माप लिहून घेतलं, तिला बुधवारचा वायदा केला. ती गेल्यावर मी म्हणाले, "ते येणार हे तुला माहीत होतं. त्याच दिवशी येणार हे माहीत होतं. मग दार उघडं का ठेवलंस? आतून कडी घालून बसलो असतो."

आईनं माझ्याकडं पाहिलं.

"कडी घातली असती, तर वॉर्निश वाळलं असतं का?" ती म्हणाली, आणि मशीनकडं वळली.